बिनतारी संधान कोठे तुटते?

घरातला संगणक वायफायला जोडला जाईनासा झाला, की पहिला उपाय ठरलेला असतो : यंत्र बंद करावयाचे आणि पुन्हा चालू करावयाचे. या उपायाला आम्ही हसत नाही. त्याला मोठी परंपरा आहे. १८९० मध्ये फ्रान्सच्या एद्वार ब्रान्लीने काचेच्या नळीत धातूचा कीस भरला. जवळपास विजेची ठिणगी उडाली, की तो कीस एकमेकांस चिकटे आणि विजेला वाट देई. नळीला संदेश कळे खरा. पण एकदा कळला, की ती तशीच चिकटून बसे. टिचकी मारून मोकळी केल्यावाचून तिला पुढचा संदेश उमगत नसे. १८९५ मध्ये रशियाच्या पोपोव्हने ही टिचकी मारण्यासाठी आपोआप चालणारी हातोडी बसविली. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी तर १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवलेल्या निबंधात टिचकीची गरजच नसलेला, पाऱ्याचा उपयोग करणारा ग्राहक वर्णन केला.

टिचकीने भागले तर उत्तमच. न भागले, म्हणजे मग घोडे पेंड खाते. कोणी जाणकार येतो, दोन कळा दाबून पाहतो आणि ‘यंत्र जुने झाले, नवे घ्या’ असा निकाल देऊन जातो. आमच्या मते हा निकाल बहुधा घाईचा असतो. यंत्र शाबूत असते. दोन यंत्रांमध्ये जे करारमदार झालेले असतात, त्यांपैकी एखादा मोडलेला असतो. हे करार एका दिवसात झाले नाहीत. ते कसे झाले हे ठाऊक असले, म्हणजे बिघाड कोठे शोधावयाचा हेही कळते.

पहिला करार हवाई बेटांवर झाला. तेथील विद्यापीठाचा मोठा संगणक होनोलुलूस आणि त्याचा उपयोग करू इच्छिणारी मंडळी इतर बेटांवर, अशी अडचण होती. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू केले. त्यातली युक्ती ऐकावयास अगदी भाबडी वाटते. सर्वांनी एकाच लहरीवर, वाटेल तेव्हा बोलावे. दोघे एकदम बोलले आणि शब्द फुटला, तर पोच येणार नाही. मग प्रत्येकाने नेम नसलेला थोडा वेळ थांबून तेच पुन्हा बोलावे. पंगतीत दोघांनी एकदम तोंड उघडले, म्हणजे आपणही असेच करतो! मात्र या मोकळिकीची किंमत गणिताने लगेच दाखविली : अशा मार्गाची उपयुक्त क्षमता फार तर १८ टक्के भरते. आजचे वायफाय बोलण्यापूर्वी कान देऊन ऐकते, म्हणून ते पुष्कळ सुधारले आहे; तरी हवा सामाईकच राहिली. इमारतीत पंचवीस बिऱ्हाडे असून प्रत्येकाचा राउटर बोलत असला, म्हणजे संध्याकाळी संधान अडखळणार. असा संशय आला, तर संगणक उचलून राउटरजवळ न्यावा, किंवा पहाटे लावून पाहावा. तेथे वा तेव्हा जुळले, तर यंत्रास दोष देता येत नाही.

या गर्दीस आणखी एक कारण आहे. २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासची पट्टी १९४७ च्या अटलांटिक सिटी येथील परिषदेने उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतील उपकरणांसाठी सोडली होती. मायक्रोवेव्ह भट्टी तेथेच चालते. दळणवळणाच्या दृष्टीने ही जागा उकिरड्याचीच. अमेरिकेने १९८५ मध्ये ती विनापरवाना संदेशवहनास खुली केली. भारतात ही मुभा २००५ मध्ये मिळाली. १९९७ मध्ये वायफायचे पहिले मानक ठरले ते याच जागेवर. भट्टी चालू होताच जोडणी तुटते, असे सांगणाऱ्या गृहिणीस वेड्यात काढू नये. तसेच या पट्टीतल्या वाटांचे. अमेरिकेत राउटर अकरापर्यंतच्या वाटा वापरतात, आपल्याकडे तेरापर्यंत चालतात. राउटर तेराव्या वाटेवर असला आणि संगणक अमेरिकी रीतीचा असला, तर शेजारच्यांची नावे दिसतात, आपलेच दिसत नाही.

परवलीच्या शब्दाचा करार सर्वांत नाजूक. १९९७ चे कुलूप २००१ मध्ये फ्लूरर, मॅन्टिन आणि शमीर यांनी कुचकामी ठरविले. २००३, २००४ आणि २०१८ मध्ये नवी कुलपे आली. नव्या राउटरवर फक्त अखेरचे कुलूप लावलेले असले, तर जुन्या संगणकात अगदी बरोबर शब्द घालूनही जोडणी होत नाही. येथे राउटरला २००४ चे व २०१८ चे अशी दोन्ही कुलपे मान्य करण्यास सांगावे. कंटाळून कुलूपच काढून टाकणारे लोक आहेत. असे मुळीच करू नये. रस्त्यावरचा कोणीही मग आपल्या नावाने व्यवहार करू शकतो.

कुलूप उघडले, की पत्ता मिळावयास हवा. पत्ते आपोआप वाटण्याची रीत १९९३ ची. संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असला, तर राउटरकडून काही न मिळाल्याने त्याने तो स्वतःच घेतला आहे असे समजावे. दोष पत्तेवाटपात, तेथे राउटरला टिचकी मारणे योग्यच. पत्ता नीट आहे आणि तरी काही उघडत नाही, तर बाहेरची तार पाहावी. शेजारचा फोन त्याच वायफायवर चालत असला, म्हणजे तारही निर्दोष. मग संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख वाचावी. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली, की जुने यंत्र कित्येक वर्षे मागे जाऊन बसते, आणि ज्या संकेतस्थळांची ओळखपत्रे त्या तारखेला दिलीच गेली नव्हती त्यांवर विश्वास ठेवावयास नकार देते. तारीख दुरुस्त करावी, बॅटरी बदलावी. नवा संगणक घेण्याचे मग पुढे पाहता येईल.