सिजद्याची मर्यादा : खुलताबाद ते आग्रा

नमाजाच्या प्रत्येक रकातीत दोन सिजदे करावयाचे असतात. त्यांचे नियम फिकह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र यांत बारकाईने सांगितले आहेत. नाकासह कपाळ, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे ही सात अंगे भूमीला टेकावीत; कोपरे जमिनीवर पसरू नयेत; शरीर क्षणभर स्थिर व्हावे आणि दोन सिजद्यांच्या मध्ये नीट बसावे. तपशिलात पंथभेद आहेत. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई, तर देशावरील व विदर्भातील बहुतांशी हनफी आहेत. पागोट्याचा वेढा कपाळाखाली आला, तर हनफी मते सिजदा अप्रशस्त परंतु वैध होय; शाफई मते कपाळाचा काही भाग उघडा टेकल्यावाचून तो पुरा होत नाही.

हे भेद आचाराचे झाले. याहून कठीण प्रश्न असा की, हीच क्रिया मनुष्यापुढे करता येईल काय? फरिश्त्यांनी आदमापुढे आणि आप्तांनी यूसुफापुढे सिजदा केल्याचे कुराणात वर्णन आहे; सूर्यचंद्रांना सिजदा करू नये, अशी आज्ञाही त्याच ग्रंथात आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी उपासनेचा सिजदा व आदराचा सिजदा असे दोन प्रकार कल्पिले. पहिला केवळ ईश्वरालाच, याविषयी दुमत नव्हते. दुसरा बहुतेक शास्त्रज्ञांनी निषिद्ध मानला. काही सूफींच्या परंपरेत मात्र तो चालू राहिला.

या वादाचा एक महत्त्वाचा पुरावा ज्याने लिहून ठेवला, त्याची कबर महाराष्ट्रात आहे. दिल्लीचे चिश्ती सत्पुरुष निजामुद्दीन औलिया (मृत्यू 1325) यांची संभाषणे कवी अमीर हसन सिजजी याने 1308 ते 1322 या काळात ‘फवाइदुल फुआद’ या फारसी ग्रंथात नोंदविली. महंमद तुघलकाने राजधानीची वस्ती दौलताबादेस आणली, तेव्हा तोही दक्षिणेत आला आणि नजीकच्या खुलताबाद येथे दफन झाला. त्याच्या नोंदीनुसार शिष्य गुरूपुढे मस्तक टेकीत. याविषयी निजामुद्दीनांचे समर्थन असे : पूर्वीच्या लोकांत असा सिजदा प्रशस्त होता, पैगंबरांच्या काळी ती प्रशस्तता गेली, परंतु अनुज्ञा उरली. आपल्या गुरूंपुढे जे घडत आले, त्यास मनाई करणे त्यांना योग्य वाटले नाही. उलट, त्यांचेच दिल्लीतील उत्तराधिकारी नसीरुद्दीन चिराग (मृत्यू 1356) यांनी ही प्रथा अमान्य केली. एकाच गुरुपरंपरेत एका पिढीत झालेला हा बदल लक्षणीय आहे.

पुढे हा प्रश्न खानकाहीतून दरबारात गेला. अकबराने बादशहापुढील सिजदा रूढ केला. आक्षेप आल्यावर आम दरबारात तो बंद करून खाजगी मंडळीपुरता राखला. जहांगीराने काजीसारख्या धर्माधिकाऱ्यांना त्यातून सूट दिली. 1628 मध्ये गादीवर येताच शाहजहानाने तो सर्वस्वी रद्द केला. त्याच्या जागी आलेला जमीनबोस, म्हणजे तळहात भूमीवर ठेवून त्यांच्या पाठीचे चुंबन घेणे, हाही सिजद्यासारखा भासतो म्हणून पुढे काढण्यात आला व चार तसलिमांची रीत आली. तसलिमेत उजव्या हाताची पाठ भूमीला लावून तो हात मस्तकापर्यंत नेत. कपाळ भूमीला टेकत नसे.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हा क्रम ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. शिवाजी महाराज 12 मे 1666 रोजी आग्र्याच्या दरबारात उभे राहिले, तेव्हा तेथील सिजदा बंद होऊन 38 वर्षे लोटली होती. महाराजांच्या संतापाचे कारण त्यांना दिलेल्या जागेत व दर्जात शोधावे लागते. सिजद्याच्या सक्तीत नव्हे.

भाषाही येथे साक्ष देते. कुर्निसात आणि मुजरा हे शब्द मराठीत लौकिक अभिवादनासाठी रुळले; सिजदा हा शब्द मुख्यत्वे नमाजाशीच निगडित राहिला. फारसी साधनांतील सिजद्याचे भाषांतर ‘साष्टांग दंडवत’ असे केल्यास दोन भिन्न क्रिया एक होतात, कारण दंडवतात सर्व देह भूमीवर पसरतो, तर सिजद्यात सातच अंगे टेकतात. त्याहून मोठी हानी अशी की, मस्तक कोणापुढे टेकावे याविषयी झालेला शतकांचा विचारसंघर्ष त्या भाषांतरात दिसेनासा होतो. मूळ शब्द जसाच्या तसा ठेवणे, हेच अशा ठिकाणी श्रेयस्कर होय.