बोटीवरचे दुकान आणि धक्क्यावरचा बाजार

पदव्युत्तर वर्गाला प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना दरवर्षी एक तास हमखास रंगतो. बोट एडनला किंवा पोर्ट सैदला लागते, होड्यांतून विक्रेते येतात, दहा सांगितलेली वस्तू घासाघीस करून दोनला पदरात पडते आणि केबिनीत नेऊन पाहावे तर ती एकाचीही नसते. विद्यार्थी हसतात, आम्हीही हसतो. मग विनोदाची निर्मिती, लेखकाने स्वतःचीच उडवलेली टर, अनुभवाचा ताजेपणा असे दोनचार मुद्दे फळ्यावर लिहिले की घंटा होते. आम्ही दोघे एकाच विभागात शिकवतो आणि हा तास आलटून पालटून घेतो. इतक्या वर्षांत त्यात खटकण्याजोगे काही आहे असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते.

गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तो विकणारा लबाड होता हे बोटीतल्यानंच लिहिलं ना? बोट तिथं थांबत किती वेळ होती?"

मुलगी जऊळक्याची. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले हे गाव अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे एक लहान स्थानक आहे. समुद्र येथून शेकडो मैल दूर. या मुलखाचा बंदराशी जुना संबंध सांगायचा तर तो कापसाचा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसालाही मुंबई बंदरातून मोठी मागणी आली. कापूस समुद्रापार गेला, तो पिकवणारे मात्र येथेच राहिले. त्यामुळे बोट किती वेळ थांबत होती, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्याजवळ नव्हते. ते शोधताना आमच्या लक्षात आले की बोटीवरची खरेदी आणि बंदरातली खरेदी यांतला फरक आम्ही आजवर भावाचा समजत आलो होतो. तो मुळात वेळेचा आहे.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा वाहतुकीस खुला झाला आणि मुंबईहून विलायतेला जाणारी वाट एडन, सुएझ, पोर्ट सैद अशी ठरून गेली. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्या प्रवासाविषयीचे त्यांचे पत्र 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० सालचे. या दोन पुस्तकांमधल्या अर्धशतकाहून अधिक काळात विलायतेला गेलेल्या मराठी माणसांपैकी बहुतेकांना वाटेतली ही बंदरे लागलीच. पण बोटी तेथे थांबत त्या प्रवाशांना बाजार दाखवावा म्हणून नव्हे. त्या थांबत कोळशासाठी. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या मजुरांची रांग फळीवरून चढे, कोळशाची धूळ डेकभर उडे, केबिनींची दारे-खिडक्या बंद करून घ्याव्या लागत. अशा वेळी बोटीवर बसून राहण्यापेक्षा उतरून गावात चक्कर मारणे बरे, असे सगळ्यांनाच वाटे. बंदरातल्या बाजाराचे गिऱ्हाईक या कोळशाच्या धुळीने तयार केले, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटली नव्हती. कोळसा भरून होईपर्यंतचे काही तास, तेवढाच बाजार.

पोर्ट सैद हे गावच मुळी कालव्याच्या कामासाठी १८५९ मध्ये वसवले गेले. तेथील सायमन आर्ट्झ यांचे दुकान पूर्वेकडे जाणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या सोला हॅटसाठी प्रसिद्ध होते. टपालबोट मध्यरात्री आली तर ते मध्यरात्री उघडे. दुकानदाराचे घड्याळ सूर्यावर चालत नसे, बोटीच्या भोंग्यावर चाले. ज्यांना दुकान थाटणे परवडत नसे ते होड्या घेऊन बोटीला भिडत. चामड्याच्या वस्तू, पोवळ्यांच्या माळा, सिगारेटी, चित्रांची कार्डे असा माल त्यांच्याजवळ असे. कोंबडीची पिल्ले अंगरख्यातून काढून दाखवणारे जादूगार थेट डेकवर येत.

होडीतला विक्रेता खालून दोर फेकी. प्रवासी तो कठड्याला बांधी. टोपलीतून वस्तू वर जाई, ती उलटसुलट पाहिली जाई, वरून एक आकडा ओरडला जाई, खालून दुसरा. सौदा ठरला की पैसे त्याच टोपलीतून खाली येत. आता या व्यवहाराकडे जरा थांबून पाहावे. माल बहुधा आधी वर जाई आणि पैसे नंतर खाली येत. मधल्या वेळात वस्तू त्याच्या हातात, आणि त्याची बोट निघण्याच्या बेतात. ज्या विक्रेत्याला आम्ही वर्षानुवर्षे लबाडांचा मेरुमणी म्हणून शिकवले, त्याच्यावर या व्यवहारात आधी विश्वास टाकण्याची पाळी होती. त्याने दहाचा भाव सांगितला यात लुबाडणूक होती की न आलेल्या पैशांची भरपाई होती, याचा निवाडा कठड्यावरून होण्यासारखा नाही. (आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की दोन्ही होते. दुसऱ्याचे म्हणणे असे की 'दोन्ही होते' हे प्राध्यापकी उत्तर आहे.)

एडनची गोष्ट आणखी वेगळी आणि आपल्याला अधिक जवळची. १८३९ मध्ये इंग्रजांनी ते घेतले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. पुढे १९३७ पर्यंत दिल्लीहून. १८५० मध्ये ते खुले बंदर म्हणून जाहीर झाले, म्हणजे आयात मालावर जकात नाही. कावसजी दिनशा या पारशी पेढीचे तेथे मोठे प्रस्थ होते, आणि भारतीय रुपया १९५१ पर्यंत चलनात होता. प्रवासवर्णनकार ज्याला परदेशातले पहिले पाऊल म्हणून रंगवतो, ते ठिकाण दीर्घकाळ मुंबई सरकारच्या दप्तरात एखाद्या जिल्ह्यासारखे नोंदलेले होते. तेथे रुपये मोजून, मुंबईकडच्याच व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू घरी आली की 'एडनची' म्हणून मिरवे. पुढे १९५० च्या दशकात घड्याळे, कॅमेरे, रेडिओ तेथे स्वस्त मिळत म्हणून परतीचा प्रवासी एडनची वाट पाही, आणि बॅलार्ड पिअरवर जकात अधिकाऱ्यासमोर मनगटावरचे घड्याळ जुनेच आहे असे सांगण्याची तयारी लाल समुद्रापासून करू लागे.

मग बोटीवर काय मिळे? येथे आमची निराशा झाली, आणि ती निराशाच पुढे उपयोगी पडली. मोठ्या आगबोटींवर दुकान म्हणजे मुख्यतः न्हाव्याचे दुकान. केस कापता कापता तोच साबण, कार्डे, लहान मुलांची खेळणी, बोटीचे नाव असलेल्या आठवणवस्तू विकी. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवरही ऑगस्ट वाइकमन या न्हाव्याचे असे दुकान होते, आणि तो त्या अपघातातून वाचला. बोटीवरच्या दुकानात भाव ठरलेला. मद्य, सिगारेट यांवर जकात नसे म्हणून ती किनाऱ्यापेक्षा स्वस्त पडत. मद्यालयात तर चिठ्ठीवर सही केली की हिशेब प्रवासाच्या शेवटी. घासाघीस नाही, आरडाओरडा नाही, दोर नाही. आणि म्हणूनच, आमच्या वाचनात आलेल्या मराठी प्रवासवर्णनांत बोटीवरच्या खरेदीवर एखादे वाक्यही कष्टाने सापडते. चिठ्ठीवर सही करण्यात गोष्ट नसते. बंदरातल्या विक्रेत्याने आपल्या वाङ्मयाला प्रसंग पुरवला आणि त्या प्रसंगात स्वतःसाठी बदनामी घेतली. कंपनीने ठरलेला भाव घेतला आणि ती वाङ्मयातून नामानिराळी राहिली.

साठच्या दशकात शिकायला निघालेल्या आपल्या मुलांपुढे तर हा प्रश्न उभाच राहत नसे. परकीय चलनाच्या टंचाईमुळे देशाबाहेर जाताना जेमतेम तीन पौंड नेण्याची मुभा होती. लॉइड ट्रिएस्टिनोच्या 'एशिया' आणि 'व्हिक्टोरिया' या बोटींनी मुंबईहून गेलेल्या पिढीकडे कठड्यावरून बाजार पाहण्यापलीकडे काय असणार? ५ जून १९६७ ला सुएझ कालवा बंद झाला तो बरोबर आठ वर्षांनी उघडला. नोव्हेंबर १९६७ मध्ये इंग्रज एडन सोडून गेले. तोवर प्रवासी विमानाकडे वळला होता. एडनचा तो बाजार कोणी बंद केला नाही. त्याचे गिऱ्हाईक यायचे थांबले.

आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण तिची घडण वेगळी आहे. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटीचा उतारू बोटीवर चहाफराळापलीकडे फारसे काही विकत घेत नसे, आणि विजयदुर्गाला किंवा मालवणला पडावात उतरताना त्याला बाजार दिसत नसे, नातेवाईक दिसत. त्याची खरेदी निघण्यापूर्वीच झालेली असे आणि बोट त्या खरेदीची हमाल असे. 'कोकणशक्ती', 'कोकणसेवक' या बोटींच्या काळापर्यंत हेच चित्र होते. त्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

आताच्या पर्यटनबोटींकडे वळल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आज समुद्रपर्यटनाच्या जहाजावर न्हाव्याच्या जागी दागिने, घड्याळे, अत्तरे यांची झगमगती पेठ असते. जहाज बंदरात असताना ही दुकाने सहसा बंद ठेवावी लागतात, कारण तेथे त्या देशाचा जकात कायदा लागू होतो. जहाज खोल समुद्रात गेले की ती उघडतात. आपल्याकडेही १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे विदेशी फेरीवरील जहाजाच्या भांडारातला माल जहाजावर विनाशुल्क वापरता येतो, पण ती सवलत विदेशी फेरीपुरतीच. मुंबईहून निघून आपल्याच किनाऱ्याने गोव्याला जाणाऱ्या जहाजाला ती लागू होत नाही. युरोपीय संघाने तर १ जुलै १९९९ पासून सदस्य देशांमधील प्रवासातली विनाशुल्क विक्रीच बंद केली, तेव्हा तेथील फेरीबोटींच्या दुकानदारीवर गदा आली.

वरवर पाहता वाटणी स्वच्छ दिसते. समुद्रात जहाजाने विकावे, बंदरात बंदराने. प्रत्यक्षात जहाजावर बंदर येण्याच्या आधी खरेदीविषयी व्याख्यान होते, नकाशा वाटला जातो, त्यावर 'खात्रीची' म्हणून काही दुकाने दाखवलेली असतात. या यादीत येण्यासाठी दुकानदार पैसे मोजतात. यादीबाहेरचा माणूस अर्थातच खात्रीचा नाही, असे प्रवाशाने समजावे. जहाज किती तास थांबणार हे कंपनी ठरवते, प्रवाशाने धक्क्यावरून कोणत्या दिशेला वळावे हेही तीच सुचवते. हैतीमधले लाबादी हे ठिकाण तर १९८० च्या दशकापासून एका जहाज कंपनीने भाड्याने घेतलेले आहे. कुंपणाच्या आत किनारा, आणि आत कोणी विकायचे हे ठरलेले. अशा ठिकाणी जहाज आणि बंदर यांची तुलना करायची ती कशी? पूर्वी निदान दोराच्या दोन टोकांना दोन माणसे होती.

हे सारे जुळवून आम्ही पुन्हा वर्गात गेलो. बोटी काही तासच थांबत, असे त्या मुलीला सांगितले. तिला त्यात नवल वाटले नाही. तिचे वडील जऊळक्याच्या फलाटावर शेंगा-फुटाणे विकत, हे तेव्हा कळले. २००८ मध्ये हा मार्ग रुंद झाला, त्याआधीच्या मीटरगेज गाडीपासूनची ही विक्री. "गाडी दोन मिनिटं थांबते," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, दोन मिनिटात भाव कोन करते? पुडी आधी खिडकीतून आत द्या लागते. गाडी सुटली की कोनी पैसे फेकते, कोनी फेकत नाही."

वर्गात कोणी हसले नाही. आम्ही विचारले, न फेकणाऱ्याचे बाबा काय म्हणतात? "काही नाही म्हणत. थोडा भाव चढवूनच सांगतात."

सत्रान्त परीक्षेत आम्ही नेहमीचाच प्रश्न ठेवला होता : प्रवासवर्णनातील फेरीवाल्याच्या चित्रणातून होणारी विनोदनिर्मिती सोदाहरण स्पष्ट करा. तिने उदाहरण म्हणून एकाही पुस्तकाचे नाव न घेता चार पाने लिहिली. त्यांत गाड्यांच्या वेळा होत्या, थांबण्याची मिनिटे होती, आणि कोणत्या डब्यातले प्रवासी पैसे फेकतात याचा तपशील होता. त्या उत्तराला सोळापैकी किती गुण द्यावेत यावर आम्हा दोघांचे अजून एकमत झालेले नाही.