चौथी पिढी, पाचवी पिढी: आकडा कुणी लावला?

नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईत संगणकाचा कोर्स केलेली बरीच मंडळी आज इथे बेडोकमध्ये राहतात. त्यांना 'फोर जीएल' हा शब्द आठवत असेल. फोर जीएल म्हणजे चौथ्या पिढीची प्रोग्रामिंग भाषा. पण या पिढ्या मोजल्या कशा?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याला सूचना द्यायच्या त्या शून्य आणि एकच्या भाषेत. ही पहिली पिढी. आकड्यांऐवजी आखूड शब्द वापरणारी असेंब्ली ही दुसरी. अमेरिकेत १९५७ साली आलेली फोरट्रान आणि तिच्या मागोमाग आलेली कोबोल, ही तिसरी. प्रत्येक पायरीवर माणसाचे कष्ट खरोखर कमी झाले. पिढ्यांचे आकडे मात्र मागाहून लागले.

ऐंशीच्या दशकात हा क्रम उलटला. माहितीसाठ्यातून अहवाल काढून देणारी साधनं विकताना कंपन्यांनी आधीच 'चौथी पिढी' म्हणायला सुरुवात केली. त्यात तथ्य होतं. काम कसं करायचं ते न सांगता काय हवं तेवढंच सांगायचं, ही सोय मोठी होती. पण हे नाव कुणी लावावं याला काही नियम नव्हता, म्हणून ते कशालाही चिकटलं. १९८१ साली ब्रिटनमध्ये 'द लास्ट वन' नावाचा प्रोग्राम आला. यापुढे प्रोग्राम लिहावाच लागणार नाही, असा त्या नावाचा रोख! १९८२ साली जपान सरकारने 'पाचव्या पिढीच्या' संगणकांचा प्रकल्प हाती घेतला. लगेच प्रोलॉगसारख्या भाषाही पाचव्या पिढीच्या ठरल्या. दहा वर्षांनी संशोधन बरंच झालं होतं, पण बाजारात ते संगणक काही चालले नाहीत.

आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात काय झालं? वायटूकेच्या धास्तीने जगभर शोध सुरू झाला तो कोबोल येणाऱ्यांचा. ज्या तिसऱ्या पिढीला जाहिरातींनी म्हातारी ठरवलं होतं, तिनेच अनेक भारतीय तरुणांना परदेशात काम दिलं. बँकांमध्ये कोबोल आजही चालते.

मुलांच्या कोडिंग क्लासचं नवं माहितीपत्रक हातात आलं, की फी भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा. याने नेमकं कोणतं काम सोपं होतं? आणि कोणतं काम याने होत नाही? उत्तर देताना क्लासवाले पुन्हा पिढीचा आकडाच सांगू लागले, तर पैसे खिशातच राहू द्या.