मागणीच्या आधीची मेहनत

इ. स. १८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या दोन सभा भरल्या. एक २३ तारखेला व दुसरी २६ तारखेला. त्यांतून निघालेल्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या आणि ते सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यात आले. हे सारे जुळवून आणणारे गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था त्यांनी त्याच साली उभी केली.

आपल्या कामगार चळवळीचा आरंभ म्हणून ह्या प्रसंगाचा उल्लेख होतो, आणि उल्लेख करून आपण पुढे जातो. मला त्या निवेदनापाशी थोडे थांबावेसे वाटते. पुढाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वी कोणते काम करून ठेवावे, ह्याचा धडा त्यातील पाच मागण्यांत आहे.

मागण्या अशा : दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

ह्यांपैकी पहिल्या चार मागण्या घड्याळावर व पंचांगावर मोजता येतात. मालकाने मान्य केले, तर ते पाळले जाते की नाही, हे अक्षरशत्रू कामगारालाही दुसऱ्या दिवशी पडताळता येईल. त्या काळी गिरण्या उजेडावर चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की कामही वाढे. सुरुवात साडेसहाला बांधून घेतली की निदान पहाट तरी कामगाराच्या पदरात राहते. पगार महिना-महिना मागे राही आणि मधले दिवस वाण्याच्या उधारीवर व सावकाराच्या व्याजावर निघत. म्हणून १५ तारखेचा आग्रह. ज्याने गिरणी आतून पाहिली, त्यालाच अशी मागणी सुचते.

लोखंड्यांनी ती पाहिली होती. १८४८ साली ठाण्यास जन्मलेला हा माणूस आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरीला होता; पुढे मांडवीच्या एका गिरणीत तो कोठार सांभाळू लागला. कोठारात बसणाऱ्याकडे तेल, पट्टे, धोटे मागायला प्रत्येक खात्यातला माणूस येतो. कोणते यंत्र वारंवार मोडते, कोणावर मोडतोडीचा दंड बसतो, हे त्याला आपोआप कळते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजात ते वावरले, आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राचे संपादन करू लागले. नोकरीने माहिती दिली, पत्राने ती मांडायची शिस्त लावली.

यश लगेच आले नाही. १८८१ चा फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता; प्रौढांना त्यात फारसे काही नव्हते. लोखंड्यांनी मागण्या बदलल्या नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारही तेथे बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती ह्या दोन्ही गोष्टी आल्या. सात वर्षांपूर्वीच्या पाच कलमांतली दोन कायद्यात उतरली.

तथापि ह्या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८९२ च्या सरकारी अहवालाने नोंदविले, की ह्या संस्थेला ना सभासदांची यादी आहे, ना निधी, ना नियम. लोखंडे हे आपल्याकडे येणाऱ्या कामगाराला सल्ला देणारे स्वयंसेवक आहेत. टीका खोचक होती, पण खरी होती. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने लोखंड्यांचा बळी घेतला आणि त्यांच्यामागे संस्थाही मावळली. सारी तयारी एका माणसाच्या डोक्यात होती. ती त्याच्याबरोबर गेली.

ही उणीव भरून यायला तीस वर्षे लागली. १८२८ नव्हे, १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात सतरा मागण्या फॉसेट कमिटीपुढे तपासल्या गेल्या. त्याच संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षअखेर पन्नास हजारांवर गेली आणि गिरणीगिरणीतून कामगारांच्या समित्या निघाल्या. खात्यातली माहिती आता खात्यातच गोळा होऊ लागली.

घाटकोपर ते मुलुंड लालबहादूर शास्त्री मार्गावर जेथे कारखान्यांचे भोंगे वाजत, त्यांतील कित्येक जागी आज मॉल आणि उंच इमारती आहेत. तेथे झाडू मारणारा, पहारा करणारा, माल पोचविणारा माणूस बहुधा कंत्राटी आहे. २९ कायदे एकत्र करून २०१९ व २०२० साली संसदेने चार श्रमसंहिता मंजूर केल्या. ह्या माणसाचा पुढारी होऊ पाहणाऱ्या तरुणाला द्वारसभेतले भाषण पुरणार नाही. कंत्राटदार कोण व मूळ मालक कोण, हजेरी कोठे लागते, पगारपत्रकात काय कापले जाते, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा खरोखर होतो का, हे त्याने आधी कागदावर उतरवावे. वहीत आकडा असला, की साहेबापुढे आवाज चढवावा लागत नाही.

आणि ती वही कपाटात कुलूपबंद ठेवू नये. प्रत्येक पाळीतल्या दोघांना ती वाचता यावी, तिच्यात भर घालता यावी. आपण आजारी पडलो, बदली झाली, कामावरून काढले गेलो, तरी पुढच्या वाटाघाटीला बसणारा रिकाम्या हाताने जाणार नाही, एवढी व्यवस्था ज्याने केली, त्याची तयारी पूर्ण झाली असे मी समजतो.