दाखल्यावर नसलेले कारण

१९४३ च्या जुलैत लॉस एंजलिस शहरावर भरदिवसा धुरकट पडदा पसरला आणि लोकांचे डोळे चुरचुरू लागले. पुढे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५२ च्या सुमारास दाखवून दिले, की मोटारींचा धूर आणि तेल कारखान्यांच्या वाफा यांवर ऊन पडले की हवेत ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर आपले रक्षण करणारा हा वायू श्वासात गेला की घातक.

पण त्याने माणसे दगावतात का? मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार असतो, दमा असतो, ओझोन नसतो. शिवाय तो वाढतो कडक उन्हात, आणि ऊनही जीव घेतेच. मग दोष कोणाचा?

येथे संख्याशास्त्र कामी आले. अमेरिकेतील ९५ शहरी भागांतील १९८७ ते २००० पर्यंतचे रोजचे मृत्यू आणि रोजचा ओझोन अभ्यासकांनी ताडून पाहिला, उष्णतेचा वाटा वेगळा काढला. २००४ मध्ये निष्कर्ष आला: आठवडाभर ओझोन अब्जात १० भागांनी वाढला, तर मृत्यू ०.५२ टक्क्यांनी वाढतात.

मी कवी, मला एकेक नाव लागते. त्या अर्ध्या टक्क्यात कोणाची आई होती, हे गणित सांगत नाही. पण कोणाची तरी होती, एवढे सांगते. कायदा करणाऱ्यांना तेवढे पुरे व्हावे.