टॉवेल कोणी टाकायचा? मुष्टियोद्धा युरी फोरमनची गोष्ट



आम्ही एरवी लिहितो ते कोकणातल्या आपल्या गावांविषयी, सिनेगॉगांविषयी, पलटणीतल्या सुभेदारांविषयी. आजचा माणूस बेने इस्राएल नाही. तो जन्माने बेलारूसचा, वाढला हैफात, आणि नाव कमावले न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. त्याचा धंदा ठोसे मारण्याचा आणि चुकवण्याचा. तरीही त्याची गोष्ट आपल्या घरांत सांगावी असे आम्हांला वाटते. दोनदा देश बदललेल्या माणसाला काय काय सोसावे लागते आणि त्यातून तो काय उभे करतो, हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

युरी फोरमनचा जन्म 1980 साली गोमेल शहरी झाला. तेव्हा बेलारूस सोव्हिएत संघात होते. लहानपणी तो पोहायला जात असे आणि तिथली मोठी मुले त्याला त्रास देत. म्हणून आईनेच त्याला मुष्टियुद्धाच्या तालमीत नेऊन घातले. मुलाने मार खाऊन घरी येऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. पुढे हाच मुलगा जगज्जेता होईल, असे तिच्या स्वप्नातही नसावे.

सोव्हिएत संघ मोडकळीला आला तेव्हा तिथले लाखो यहुदी इस्राएलला आले. फोरमन कुटुंबही आलिया करून हैफाला आले. युरी तेव्हा दहा वर्षांच्या आसपासचा होता. गोमेलमध्ये तो ‘यहुदी’ होता, हैफात आल्यावर ‘रशियन’ झाला. हा अनुभव आपल्याला नवा नाही. मुंबईत आपण ‘इस्राएली’ म्हणून ओळखले जात होतो आणि इथे उतरल्यावर ‘होदी’, म्हणजे हिंदुस्थानी झालो. पुढे 1962 साली मुख्य रब्बीच्या कचेरीने विवाहाच्या बाबतीत आपल्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले आणि 1964 साली आपल्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणे धरून बसावे लागले. माणूस मायदेशी आला म्हणजे घर लगेच आपले होते, असे नाही. ते मिळवावे लागते.

हैफात मुष्टियुद्ध शिकायला धड जागा नव्हती. या खेळाला इस्राएलमध्ये फारसा मान नव्हता आणि पैसाही नव्हता. शेवटी युरी अरब वस्तीतल्या तालमीत जाऊ लागला. पहिल्या दिवशी तिथल्या डोळ्यांत या रशियन यहुदी पोराला चांगला चोप देण्याची इच्छाच दिसली, असे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. पण रिंगमध्ये नाव आणि आडनाव फार वेळ टिकत नाही. कोण किती घाम गाळतो, कोण मार खाऊन पुन्हा उभा राहतो, हे रोज दिसते. हळूहळू तीच मुले त्याची सोबती झाली आणि स्पर्धांना एकत्र जाऊ लागली. हौशी मुष्टियुद्धात त्याने तीन वेळा इस्राएलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

विजेतेपदाने पोट भरत नाही. 1999 साली तो न्यूयॉर्कला गेला. दुसऱ्यांदा परका देश, दुसऱ्यांदा नवी भाषा. दिवसा मॅनहॅटनच्या कपड्यांच्या बाजारात पडेल ते काम करायचे आणि संध्याकाळी ब्रुकलिनच्या ग्लीसन्स जिममध्ये सराव करायचा, असा त्याचा दिवस होता. ही फार जुनी आणि नावाजलेली तालीम आहे. 2001 साली त्याने न्यूयॉर्कची ‘गोल्डन ग्लव्हज’ ही हौशी खेळाडूंची मानाची स्पर्धा जिंकली आणि 2002 मध्ये तो व्यावसायिक झाला.

इथे थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. यहुदी आणि मुष्टियुद्ध हे नाते आज विचित्र वाटते, पण एके काळी ते अगदी साधे होते. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनचा डॅनियल मेंडोझा इंग्लंडचा विजेता होता. नुसत्या ताकदीवर चालणाऱ्या या खेळात पाय हलवून, अंग चुकवून लढण्याचे शास्त्र त्याने आणले. विसाव्या शतकात पूर्व युरोपातून आलेल्या गरीब यहुदी कुटुंबांची मुले न्यूयॉर्क आणि शिकागोच्या रस्त्यांवरून रिंगमध्ये आली. बेनी लेनर्ड 1917 ते 1925 लाइटवेट गटाचा जगज्जेता होता. बार्नी रॉसचे वडील धर्मग्रंथांचे अभ्यासक. शिकागोत त्यांच्या छोट्याशा किराणा दुकानात चोरट्यांनी त्यांना गोळी घातली, घर उद्ध्वस्त झाले आणि धाकटी भावंडे अनाथालयात गेली. त्यांना परत आणायचे म्हणून रॉस लढू लागला. पुढच्या पिढीची मुले शिकली, डॉक्टर-वकील झाली आणि रिंगमध्ये यहुदी नावे दिसेनाशी झाली. त्यांच्या जागी नवे स्थलांतरित आले. रिंगमध्ये कोण उतरले आहे ते पाहावे, त्या काळी शहरात गरीब कोण होते ते कळते.

फोरमनची लढण्याची रीत मेंडोझाच्या घराण्यातली. त्याच्या ठोशात फार मोठी ताकद नव्हती. जगज्जेतेपदापर्यंतच्या 28 विजयांत प्रतिस्पर्ध्याला लढतीबाहेर काढण्याचे प्रसंग जेमतेम आठ. बाकीचे विजय गुणांवर मिळालेले. सतत फिरत राहायचे, डाव्या हाताने टोचत राहायचे, समोरच्याचा ठोसा येईपर्यंत आपण तिथून निघून गेलेले असायचे. प्रेक्षकांना अशी लढत कंटाळवाणी वाटते. पण आम्ही रुग्णालयात आयुष्य काढलेल्या बायका, डोक्याला मार लागलेली माणसे आम्ही रात्र रात्र जागून सांभाळली आहेत. ठोसा चुकवणारा मुष्टियोद्धा आम्हांला शहाणा वाटतो.

14 नोव्हेंबर 2009 रोजी लास वेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये त्याची गाठ पोर्तो रिकोच्या डॅनियल सांतोसशी पडली. वजनगट 154 पौंडांचा, म्हणजे सुमारे 70 किलोंचा. बारा फेऱ्या झाल्या, सांतोस दोनदा खाली पडला आणि तिन्ही परीक्षकांनी फोरमनला विजयी ठरवले. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचा पट्टा त्याच्या कमरेला आला. पुरुषांच्या व्यावसायिक मुष्टियुद्धात इस्राएलचा पहिला जगज्जेता म्हणून त्याचे नाव लागले. त्याच रात्री त्याच रिंगमध्ये मुख्य लढतीत फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियावने मिगेल कोटोला बाराव्या फेरीत हरवले. हे कोटोचे नाव लक्षात ठेवा.

याच सुमारास फोरमनचे दुसरे शिक्षणही चालू होते. सकाळी तालीम, मग ब्रुकलिनमध्ये रब्बी डोव्हबेर पिन्सन यांच्याकडे तोरा आणि तालमुदचा अभ्यास. त्याला रब्बी व्हायचे होते. लोकांना गंमत वाटे, हातात मोजे घालणारा माणूस तालमुद कसा वाचतो? यात आम्हांला काही गंमत दिसत नाही. आपले पूर्वज दिवसभर बैलामागे घाण्याभोवती फिरत आणि शुक्रवारी सूर्य मावळताच घाणा थांबवत. कोकणात आपल्याला ‘शनिवार तेली’ हे नाव पडले ते यामुळेच. हातांनी राबणारा माणूस धर्म पाळू शकतो, हे आपल्या लोकांनी घाण्यावरच शिकून घेतले होते.

5 जून 2010 रोजी न्यूयॉर्कच्या नव्या यँकी स्टेडियममध्ये फोरमन आपला पट्टा राखण्यासाठी उतरला. समोर तोच मिगेल कोटो. जुन्या यँकी स्टेडियमवर 1976 साली मुहम्मद अली आणि केन नॉर्टन लढले होते, त्यानंतर यँकी स्टेडियमच्या नावावर झालेली ही पहिलीच लढत. वीस हजारांवर माणसे आली होती. त्यांत पोर्तो रिकोचे झेंडे होते, तसेच दाऊदाचा तारा असलेले निळे-पांढरे झेंडेही होते. दिवस शनिवारचा. जूनमध्ये न्यूयॉर्कला सूर्य मावळायला साडेआठ वाजतात. शब्बाथ सरल्यावरच फोरमन स्टेडियमकडे निघाला आणि लढत रात्री उशिरा सुरू झाली. एवढ्या मोठ्या तमाशाने एका माणसाच्या शब्बाथसाठी थांबावे, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

सहा फेऱ्या झाल्या. कोटो पुढे होता, पण फोरमन लढत होता. सातव्या फेरीत फिरताना त्याचा उजवा पाय घसरला आणि तो खाली बसला. त्या गुडघ्याला आधीच आधाराचा पट्टा बांधलेला होता. तो उठला, पण लंगडत. थोड्या वेळाने पाय पुन्हा निसटला.

गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदून असतात. पुढचा अस्थिबंध तुटला तर मांडीच्या हाडाखाली नडगीचे हाड पुढे सरकते. माणूस सरळ रेषेत कसाबसा चालतो, पण वळायला गेला की गुडघा दगा देतो. हाडांमधली कूर्चेची गादी फाटली असेल तर सांधा अडकतोही. आता विचार करा, ज्या माणसाची सगळी विद्या वळण्यात आहे, त्याचा वळणारा पायच गेला. कोटोच्या शरीरावर मारलेल्या डाव्या ठोशांची ख्याती होती आणि त्याच्यासमोर फोरमनला उभे राहून लढणे भाग पडले. ही त्याची रीतच नव्हती.

आठव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून पांढरा टॉवेल रिंगमध्ये येऊन पडला. प्रशिक्षक जो ग्रियरने लढत थांबवण्याची खूण केली होती. माणसे रिंगमध्ये शिरली. सगळ्यांना वाटले, संपले. पण पंच आर्थर मर्कांटे धाकटे यांनी ते मानले नाही. त्यांनी फोरमनला विचारले. तो म्हणाला, लढायचे आहे. रिंग रिकामी करून लढत पुन्हा सुरू झाली. नवव्या फेरीला जेमतेम 42 सेकंद झाली होती. कोटोचा ठोसा बरगडीखाली बसला, फोरमन कोसळला आणि आता पंचांनी लढत थांबवली. पट्टा गेला.

दुसऱ्या दिवशी फोरमनच्या हिमतीची फार वाखाणणी झाली. ती खरीच होती. 1938 साली बार्नी रॉसनेही हेन्री आर्मस्ट्राँगपुढे असाच हट्ट धरला होता. पंधरा फेऱ्या मार खाल्ला, पण लढत थांबवू दिली नाही. त्यानंतर तो पुन्हा कधी लढला नाही.

तरीही आमचे मत स्पष्ट आहे. टॉवेल पडला तेव्हा लढत थांबायला हवी होती. वेदनेत असलेल्या माणसाला ‘पुढे चालू ठेवायचे का?’ असे विचारले तर तो ‘हो’ म्हणणारच. विशेषतः ज्याने दोन देशांत स्वतःला पुन्हा पुन्हा सिद्ध केले आहे, तो ‘नाही’ कसा म्हणेल? त्याच्या डोळ्यांपुढे वीस हजार माणसे आहेत, झेंडे आहेत, आपल्या लोकांची आशा आहे. म्हणूनच कोपऱ्यात एक माणूस उभा केलेला असतो. लढणाऱ्याला जे दिसत नाही, ते त्याने पाहायचे असते. रुग्णालयात आम्ही हेच पाहिले. नव्याने आलेली ओले माणसे ताप अंगावर काढून कामाला जात, पाठ मोडली तरी पाळी चुकवत नसत. सुट्टी मागितली तर ‘हे लोक कामाचे नाहीत’ असे कोणी म्हणेल, ही भीती. त्यांना घरी पाठवायला बाहेरचेच कोणीतरी लागे.

फोरमनच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. मार्च 2011 मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी, तो लास वेगासला पुन्हा रिंगमध्ये उतरला. समोर पावेल वोलाक, पोलंडहून न्यू जर्सीला आलेला, म्हणजे तोही स्थलांतरित. वोलाक अंगावर चालून जाणारा. सहा फेऱ्यांनंतर लढत थांबली, फोरमन हरला. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चालणे, जिना चढणे नऊ महिन्यांत जमते. पण गुडघ्यावरचा विश्वास परत यायला त्याहून अधिक काळ लागतो.

त्यानंतर दोन वर्षे तो रिंगपासून दूर राहिला. मग 2013 पासून छोट्या लढतींतून परतला आणि जिंकूही लागला. 2014 साली त्याचा अभ्यास पुरा झाला आणि त्याला रब्बीची स्मिखा मिळाली. जानेवारी 2017 मध्ये फ्लोरिडात त्याला पुन्हा जगज्जेतेपदाची संधी मिळाली. समोर क्युबा सोडून आलेला एरिसलांडी लारा होता. चौथ्या फेरीत लाराने त्याला खाली पाडले आणि लढत संपली. ती लढत शुक्रवारी रात्री झाली. आपल्या वाचकांतले काही जण याविषयी विचारतील, म्हणून सांगितले. माणसाचा हिशेब परमेश्वराकडे असतो, आम्ही तो मांडत नाही.

समाजाचा इतिहास लिहिताना पहिला जज्ज, पहिला महापौर, पहिली डॉक्टरीण यांची यादी करायची आपल्याला सवय आहे. त्या रीतीने पाहिले तर फोरमनच्या नावावर एक ओळ लागते, आणि पट्टा त्याच्याकडे पुरते सात महिनेही राहिला नाही. पण गोमेलहून हैफाला, हैफाहून ब्रुकलिनला, दिवसा ओझी उचलून संध्याकाळी सराव, अरब तालमीत मिळवलेले मित्र, मोडलेल्या गुडघ्यानंतर संपवलेला तालमुदचा अभ्यास, हे त्या एका ओळीत मावत नाही. हरल्यानंतरची चार वर्षे त्याने ज्या कामाला दिली, ते आता कोणी त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

आपल्या घरांतही अशी माणसे होऊन गेली. बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद इथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी उतरलेले आपले आजी-आजोबा मुंबईत कारकून होते, शिक्षक होते, आणि इथे त्यांनी कारखान्यात आणि बांधकामावर हात झिजवले. त्यांच्या नावावर पट्टा नाही. मुलांनो, ते अजून बसलेले असतील तर त्यांच्याजवळ जाऊन विचारा, लिहून ठेवा. आणि घरातले कोणी आजही दुखणे लपवून कामाला जात असेल, तर त्याच्या ‘मी ठीक आहे’वर जाऊ नका. त्याच्या कोपऱ्यात तुम्ही उभे आहात.