दोन तारांचा इतिहास

मोटारीच्या बॉनेटखाली वीतभराहून लहान अशी एक नळकांडी असते. मिस्त्री तिला कॉइल म्हणतात. अकोल्या-अमरावतीकडच्या एखाद्या वाड्यात आजोबांची गाडी ताडपत्रीखाली उभी असावी आणि दिवाळीला आलेल्या नातवंडांनी ती सुरू करण्याचा हट्ट धरावा, म्हणजे गाडे बहुधा येथेच अडते. दोन बारीक तारांपैकी कोणती कुठे लावावयाची?

प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण त्यात इतिहास दडला आहे. एका वेटोळ्यातला प्रवाह तुटताना शेजारच्या वेटोळ्यात वीज उमटते, हे फॅरेडेने 1831 साली दाखविले. कॉइल म्हणजे तेच. जाड तारेचे थोडे वेढे, केसासारख्या तारेचे हजारो, मध्ये लोखंड. पॉइंट उघडले की बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टांचे हजारो व्होल्ट होतात आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. 1910 च्या सुमारास केटरिंगने ही युक्ती कॅडिलॅकमध्ये आणली.

आता तारांचे. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून डॉज, प्लिमथ निघू लागल्या. त्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले. त्या काळच्या मॉरिसमध्येही तसेच. पुढे त्याच कुर्ल्यातून फियाट 1100 आली, तिचे मात्र ऋण टोक सांगाड्याला! एकाच घरात दोन पंचांगे म्हणावयाची.

मॉरिसच्या जुन्या कॉइलवर 'एसडब्ल्यू' आणि 'सीबी' अशी अक्षरे असत. पहिले किल्लीच्या स्विचकडे, दुसरे पॉइंटकडे. पुढे कोणी हौसेने तीच गाडी ऋण अर्थची केली, तर अक्षरांवर विसंबून चालत नाही. तारांची अदलाबदल करावीच लागते. न केल्यास गाडी सुरू होते, गावात फिरतेही, म्हणून चूक कळत नाही. पण प्लगचा मधला दांडा तापलेला असतो, आणि तापल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. तो ऋण असेल तर ठिणगी कमी दाबावर पडते. उलट झाले की कॉइलवर ताण येतो, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, भरल्या गाडीनिशी, इंजिन गचके खाऊ लागते.

परीक्षा सोपी आहे, पण जाणत्या मिस्त्रीनेच करावी. झटका जबर बसतो. प्लगची तार किंचित दूर धरून फटीत पेन्सिलचे शिसे धरतात. ज्वाळेसारखी झाक शिशाच्या प्लगकडच्या बाजूस दिसली तर जोडणी बरोबर. तारेच्या बाजूस दिसली, तर कॉइलवरच्या त्या दोन तारा बदलाव्यात.